‘गोगलगाय काय, डब्यातही वाढते’

सध्या एक तुलना फिरते आहे. अमेरिकेतला काळ्या पायांचा फेरेट (मुंगसासारखा दिसणारा छोटा शिकारी प्राणी) वाचवणं महाकठीण, पण पॅसिफिक महासागरातल्या ताहिती-मूरेआ बेटांवरची पार्टुला गोगलगाय वाचवणं सोपं. कारण ती ढिगाने अंडी घालते, डब्यात मावते आणि जंगलात सोडली की काम संपतं.

‘ढिगाने अंडी.’ पार्टुला अंडी घालतच नाही. एका वेळी एकच पिल्लू, तेही शंखासकट, जन्माला घालते आणि पुढचं साधारण दीड-दोन महिन्यांनी. फेरेटची मादी वर्षातून एकदा, 42 दिवसांच्या गर्भारपणानंतर, तीन-चार पिल्लं देते. वर्षाचा हिशेब मांडला तर फरक ढिगाचा नाही, बोटांवर मोजण्याइतका.

‘डब्यात मावते.’ मावते, पण रोगही त्याच डब्यात मावतो. पार्टुला टर्जिडा या जातीची शेवटची गोगलगाय जानेवारी 1996 मध्ये लंडन झूमध्ये परजीवीच्या संसर्गाने मेली आणि जातच संपली. म्हणूनच एकेक जात अनेक प्राणिसंग्रहालयांत वाटून ठेवतात. फेरेटचं दुखणं वेगळं: जंगलात उरलेले शेवटचे 18 पकडले, त्यांतल्या जेमतेम सातांचा वंश पुढे चालला.

‘सोडली की काम संपतं.’ खरी गफलत इथे आहे. आफ्रिकन महागोगलगाय शेतं खाते म्हणून तिच्यावर उतारा म्हणून 1974 मध्ये ताहितीत आणि 1977 मध्ये मूरेआत मांसाहारी यूग्लांडिना गोगलगाय सोडली. ही यूग्लांडिना गोगलगायींच्या चिकट मागावरून पार्टुलापर्यंत पोचली. ती बेटांवरून हटलेली नाही, वर गोगलगायी खाणारा न्यू गिनीचा चपटा कृमीही आला आहे.

फेरेटच्या शत्रूवर, म्हणजे पिसवांतून पसरणाऱ्या प्लेगवर, निदान उपाय तरी आहेत. प्लेगची लस टोचतात, पिसवांसाठी प्रेअरी डॉगच्या (फेरेटचं भक्ष्य असलेल्या, खारीच्या कुळातल्या प्राण्याच्या) प्रत्येक बिळात डेल्टामेथ्रिन या कीटकनाशकाची पाचेक ग्रॅम भुकटी फुंकतात (पिसवा तिलाही सरावतात, म्हणून फवारणी आंधळेपणाने करून भागत नाही). सोडण्याआधी महिनाभर बिळं असलेल्या कुंपणात जिवंत शिकार करायला लावतात. पार्टुलासाठी लसही नाही, भुकटीही नाही. यूग्लांडिनाला मारणारं विष पार्टुलालाही मारेल.

मग सोडताना करतात काय? प्रत्येक शंखावर अतिनील प्रकाशात चमकणाऱ्या रंगाचा ठिपका देतात आणि रात्री टॉर्च घेऊन झाडं तपासतात. या कामात ठिपका दिसणं ही बरी बातमी. ठिपका नसलेला पूर्ण वाढलेला शंख दिसणं ही मोठी, कारण तो प्राणी जंगलातच जन्मला. मूरेआवर 2024 मध्ये पार्टुला टोहिव्हिआना या जातीच्या बाबतीत तेच घडलं.