लॉन पिवळं पडलं म्हणून मिठाचं पाणी ओतू नका

शरद ऋतू लागला की एक मेसेज फिरायला लागतो: “लॉनवर पिवळे डाग म्हणजे मुळांना कीड. बादलीभर पाण्यात भांड्यांचा साबण, व्हिनेगर आणि मूठभर मीठ घालून सगळीकडे शिंपडा. रसायन नाही, खर्च नाही. उरलेसुरले किडे थंडीत आपोआप मरतात.”

पिवळा डाग म्हणजे कीडच, इथूनच गडबड सुरू होते. पाणी कमी पडलं, बुरशी आली, कुत्रं रोज एकाच जागी लघवी करतंय, तरी गवत असंच दिसतं. ओळखायची रीत सोपी आहे. डागाच्या कडेचं गवत मुठीत धरून ओढा. सतरंजी उचलावी तसं ते अलगद वर आलं, तर खाली मुळं उरलेली नाहीत आणि मुळं खाणाऱ्या हुमणी अळीचा संशय घ्यायला जागा आहे. मग खुरप्याने वीतभराहून थोडा मोठा, म्हणजे 30 बाय 30 सेंटिमीटरचा चौकोन तीन बाजूंनी कापून उलटा करा. खोली 5 ते 7 सेंटिमीटर पुरते. मात्र डागाच्या मधोमध खणू नका. तिथलं खाणं संपल्यावर अळ्या कडेला सरकलेल्या असतात. पांढुरकी, तपकिरी डोक्याची, अंग मुडपून पडलेली, पुढे सहा पाय असलेली अळी दिसली की ती हुमणी, म्हणजे भुंगेऱ्याचं पोर. आता मोजा. दोन-तीन निघाल्या तर माती परत दाबून पाणी घाला आणि विसरा. निरोगी लॉन एवढ्या जागेत साधारण 8 ते 10 हुमण्या सहज सोसतं.

साबणाचं म्हणाल, तर त्यात अर्धं सत्य आहे, पण ते औषध म्हणून नव्हे. 4 लिटर पाण्यात 2 मोठे चमचे पातळ साबण घालून साधारण 1 चौरस मीटरवर ओता. गवताची पानं खाणाऱ्या अळ्या दहा मिनिटांत वळवळत वर येतात. ही तपासणी झाली. हुमणी मात्र साबणाला दाद देत नाही, ती खाली मुळाशी निवांत असते. व्हिनेगर पानं जाळतं, तण मारायला ते वापरतात ते उगाच नाही. आणि मीठ! ते जमिनीत उतरलं की गवताला ओल असूनही पाणी घेता येत नाही. मीही एका कोपऱ्यात हा उद्योग करून बसलोय. पुढच्या हंगामात तिथे तणसुद्धा उगवायला तयार नव्हतं. “रसायन नाही” हे वाक्य लिहिणाऱ्याला मीठ काय वाटतं, देव जाणे.

थंडीचा भरवसाही चुकीच्या किड्यावर ठेवलाय. गारठा वाढला की हुमणी खोल जाते, गोठणाऱ्या थराच्याही खाली, आणि वसंतात परत वर येऊन मुळं खाते. अमेरिकन लष्करी अळी मात्र गोठवणाऱ्या थंडीत खरंच तगत नाही. पण तोवर तिने लॉन फस्त केलेलं असतं, कारण तिचं बहुतेक खाणं शेवटच्या काही दिवसांत होतं. सुदैवाने ती पानं खाते, मुळं नाही. पाणी देत राहिलं तर गवत बहुधा पुन्हा फुटतं.

कडक उन्हाच्या जागी, कोरड्या मातीत डाग असतील तर चिंच बग हा गवताचा रस शोषणारा बारीक किडा असू शकतो (चिंचेशी त्याचा काही संबंध नाही). दोन्ही टोकं कापलेला डबा जमिनीत रोवून पाण्याने भरला की हे किडे पाच-दहा मिनिटांत तरंगतात.

हुमण्या खरोखर जास्त असतील तर वेळ महत्त्वाची. शरदाच्या सुरुवातीला अळ्या लहान आणि वरच्या थरात असतात. हुमणीवर जगणारे सूत्रकृमी, म्हणजे दोऱ्यासारखे सूक्ष्म जंत, तेव्हा, माती उबदार असताना सोडावेत. संध्याकाळी, ओल्या जमिनीवर, वरून पुन्हा पाणी, कारण उन्हाने ते मरतात. बीटी नावाच्या जिवाणूपासून केलेलं नेहमीचं औषध पतंगांच्या अळ्यांसाठी असतं, हुमणीला ते लागू पडत नाही. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक अंडी उबण्याच्या सुमाराला द्यायचं असतं. पोसलेल्या अळीवर शरदाच्या शेवटी ते टाकणं म्हणजे पैसे पाण्यात, आणि लॉनमध्ये फुललेलं तण असेल तर वर मधमाश्यांना विष.

अळ्या मेल्या तरी खाल्लेली मुळं परत येत नाहीत. सुटलेलं गवत पायाने दाबा, थोडंथोडं पण वारंवार पाणी द्या, आणि जिथे टक्कल पडलंय तिथे माती थंड व्हायच्या आत बी पेरा.