एका पेपरचे दहा गुण एकोणीस कसे होतात

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीतला, प्राध्यापकांच्या नेमणुकीला धरला जाणारा संशोधनाच्या गुणांचा तक्ता आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारच्या स्टाफरूममध्ये बहुतेकांना तोंडपाठ असतो. भाषा आणि सामाजिक शास्त्रांच्या पेपरला १० गुण, विज्ञानाच्या पेपरला ८. एकट्याने लिहिला तर सगळे गुण आपले. दोघांनी लिहिला तर प्रत्येकाला ७० टक्के. दोनाहून जास्त नावं असतील तर पहिल्या, मुख्य किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्या प्रत्येकाला ३० टक्के.

आता जरा बेरीज करून बघा. मराठीचा पेपर, एक लेखक: १० गुण. दोन लेखक: ७ आणि ७, म्हणजे १४. चार लेखक: १६. सहा लेखक: २२. पेपर तोच, पानं तेवढीच. नावं वाढली की बहुधा गुणही वाढतात.

यातून निघणारी युक्ती अगदी सोपी आहे. पाच जण एकत्र येतात. प्रत्येक जण एकच पेपर लिहितो, पण पाचही पेपरवर पाचही नावं जातात. आपल्या पेपरचे ७, बाकी चारांचे प्रत्येकी ३ म्हणजे १२. झाले १९. सहयोगी प्राध्यापकपदाला ७५ गुण लागतात. ते सगळे पेपरांतूनच जमवायचे धरले, तर एकट्याने लिहिणाऱ्याला आठ पेपर लिहावे लागतील. या पंचायतनातल्या माणसाला चार पुरतात, कारण चार फेऱ्यांचे ७६ होतात. किमान सात प्रकाशनांची अट असते, ती तर आपसूक सुटते. नावावर वीस पेपर जमा झालेले असतात! आणि यात कागदोपत्री खोटं काही नाही. तक्त्यानेच बक्षीस लावलंय, लोक ते घेतायत.

‘पहिला, मुख्य किंवा पत्रव्यवहार करणारा’ या तीन शब्दांवरून होणारी भांडणं वेगळीच. विद्यार्थ्याचं नाव पहिलं आणि मार्गदर्शकाचा ईमेल पत्रव्यवहाराला, असं असेल तर ७० टक्के कोणाचे? मुलाखतीच्या टेबलावर दोघेही वेगवेगळ्या ठिकाणी तेच ७० टक्के मागतात. पीएचडी मिळाली की मार्गदर्शकाला त्याचे १० गुण वेगळे मिळतातच. तरी विद्यार्थ्याच्या प्रत्येक पेपरवर सरांचं नाव हवंच, हा रिवाज कुठल्या नियमात आहे ते कोणी दाखवावं.

खरं तर लेखक कोणाला म्हणायचं याची चाळणी तयार आहे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांचा एक गट १९७८ साली व्हँकुव्हरला जमला आणि तिथून पुढे तिचे नियम घडत गेले. आज त्यात चार अटी आहेत आणि चारही पुऱ्या व्हाव्या लागतात. कल्पना, आखणी, माहिती गोळा करणं किंवा तिचा अर्थ लावणं यात भरीव वाटा. मसुदा लिहिणं किंवा कस लावून दुरुस्त करणं. छापायला जाणाऱ्या प्रतीला मान्यता. आणि कामाबद्दल कोणी प्रश्न विचारला तर उत्तर द्यायची तयारी. नुसता निधी आणला, विभागप्रमुख म्हणून सही केली, भाषा तपासून दिली, तर आभारात नाव. आणि आभारात टाकायलाही त्या माणसाची परवानगी घ्यावी, असं तेच नियम सांगतात.

या नियमात एक बारीक कलम आहे, ते आपल्याकडे कोणी वाचत नाही. पहिली अट जो पूर्ण करतो त्याला मसुदा वाचायची, दुरुस्त करायची संधी द्यायलाच हवी. म्हणजे रावेर-यावलला केळीच्या बागेत फिरून करप्याची पाहणी करणाऱ्या पोराला मसुदा दाखवायचाच नाही आणि वर म्हणायचं, ‘त्याने लिहिलं कुठे?’ हे चालत नाही. दार आपण बंद करायचं आणि आत आला नाही म्हणून नाव कापायचं!

चौथी अट सगळ्यात जड, आणि आपल्या तक्त्यात तिला शून्य गुण आहेत. पेपर पकडला गेला की सहा लेखकांपैकी पाच म्हणतात, मला माहीतच नव्हतं. गुण घेताना मात्र सगळ्यांना माहीत असतं. चॅटबॉटला लेखक म्हणून घेऊ नका, असं हेच संपादक २०२३ पासून सांगतायत, तेही याच कारणाने: त्याला उद्या जाब विचारता येत नाही.

आपल्या जुन्या लोकांना हा फरक नीट कळत होता. जुन्या पोथीच्या शेवटी पुष्पिका असते. तीत नक्कल करणाऱ्याचं नाव, शक, तिथी, गाव. तिथेच पुष्कळदा तो ठरलेला श्लोक येतो: यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया, यदि शुद्धमशुद्धं वा मम दोषो न दीयते. जसं पुढ्यात होतं तसं उतरवलं, चूक असली तर मला बोल लावू नका. हाताने अख्खी पोथी लिहिली तरी तो कर्ता म्हणवून घेत नाही. काम सांगतो, नाव सांगतो आणि जबाबदारी कुठे संपते तेही सांगतो. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर आहे, दोन्हीकडे हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे. पेपर लिहिणाऱ्याने एकदा जाऊन पोथ्यांची फक्त शेवटची पानं बघावीत.

याचं आजचं रूप म्हणजे ‘क्रेडिट’ नावाची भूमिकांची यादी. एकूण १४ भूमिका: कल्पना, पद्धत, प्रत्यक्ष तपास, विश्लेषण, सॉफ्टवेअर, माहितीची निगा, देखरेख, निधी, पहिला मसुदा, दुरुस्ती आणि अशाच आणखी. पुष्कळ नियतकालिकं आता पेपरच्या शेवटी कोणी काय केलं ते छापतात. तक्त्यात ७०-३० ऐवजी या भूमिका धरल्या असत्या तर वरची पाच जणांची फेरी पहिल्याच कागदावर अडकली असती, कारण चौघांच्या नावापुढे लिहायचं काय? अर्थात लोक ‘दुरुस्ती’ या रकान्यात चौघांनाही बसवतील. तेवढी हुशारी आपल्याकडे आहे. पण निदान खोटं लेखी होईल.

मोजमापाची दुसरी तऱ्हा एच-इंडेक्सची. हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये तो मांडला. इतरांनी आपल्या लेखनात निदान तितक्याच वेळा उल्लेख केलेले तुमचे जास्तीत जास्त किती पेपर, तो आकडा म्हणजे एच. तुमच्या सहा पेपरना ४०, १२, ५, ३, १, ० असे उल्लेख मिळाले असतील तर एच ३. तिसऱ्या पेपरला तीनाहून जास्त उल्लेख आहेत, चौथ्याला चार नाहीत. किती जणांनी मिळून लिहिलं हे तो विचारतच नाही. हिग्ज कणाच्या वस्तुमानावरच्या २०१५ च्या पेपरला ५,१५४ लेखक होते, ३३ पानांपैकी २४ पानं लेखक आणि संस्थांच्या यादीची. त्याचा प्रत्येक उल्लेख त्या सगळ्यांच्या खात्यावर पूर्ण जमा होतो.

अहिराणीवर वीस वर्षं काम करणाऱ्याचा एच मात्र बहुधा शून्य. मराठी पुस्तकांच्या तळटिपा उल्लेख मोजणाऱ्या यंत्राला दिसत नाहीत. संदर्भ देवनागरीत, डीओआय (लेखाचा कायमचा डिजिटल क्रमांक) नाही, एकच शीर्षक ऱ्हस्व-दीर्घाच्या फरकाने दोन तऱ्हांनी लिहिलेलं. जुळणी होणार कशी?

त्यात आपली नावं. खान्देशात पाटील, चौधरी, महाजन, सोनवणे किती! आद्याक्षरंही तीच. चौधरीची रोमन स्पेलिंगं तीन-चार. त्यावर आपली सवय आडनाव, नाव, वडिलांचं नाव या क्रमाने लिहायची. परदेशी नियतकालिक शेवटच्या शब्दाला आडनाव धरतं, मग लेकीच्या पेपरचा उल्लेख वडिलांच्या नावाने होतो. लग्नानंतर नाव बदललं की बाईचे आधीचे पेपर दुसऱ्याच कोणाचे होऊन बसतात. उपाय फुकट आहे. पहिल्या पेपरआधी ओआरसीआयडीचा, म्हणजे संशोधकाची ओळख पटवणारा, १६ अंकी क्रमांक काढा (शेवटचा अंक कधी कधी एक्स असतो, ती चूक नव्हे), रोमन स्पेलिंग एकदाच ठरवा, आडनाव शेवटी ठेवा, जुनं नाव त्याच खात्यात ‘अन्य नावं’ म्हणून भरा.

आणि ज्यांचं नाव मुळात येतच नाही त्यांचं काय? धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या औषधी वनस्पतींवरचे पेपर काढून बघा. शास्त्रीय नाव, कुळ, स्थानिक नाव, वापरायचा भाग, उपयोग. मग एक सूत्र येतं, माहितीदारांच्या एकमताचं. समजा तापावरच्या ४० नोंदी आणि त्यात ९ वनस्पती, तर ४० वजा ९ म्हणजे ३१, त्याला ४० वजा १ म्हणजे ३९ ने भागायचं, उत्तर ०.७९. पावरा, भिल म्हाताऱ्यांच्या नोंदी या सूत्रात नेमक्या मोजलेल्या असतात. नावं मात्र आभारातसुद्धा नाहीत, तिथे ‘परिसरातील आदिवासी बांधव’ एवढंच. कधी कधी नाव न छापणं योग्यही असतं, वैदूला त्रास होऊ शकतो. पण ते त्याला विचारून ठरलं पाहिजे. गावच्या लोक जैवविविधता नोंदवहीत वैदूंच्या यादीला रकाना असतो. पेपरात का नसावा?

आपल्या विद्यापीठाला नाव आहे बहिणाबाईंचं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी घरच्या माणसांनी टिपून ठेवली, सोपानदेवांनी ती अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तक आलं. नाव बहिणाबाईंचंच. टिपणारे टिपणारेच राहिले. सोपानदेव स्वतः कवी असूनही! आज आखाजीची, कानबाईची गाणी गोळा करून पुस्तक काढणारे मात्र मुखपृष्ठावर स्वतःचं नाव टाकतात, आणि गाणाऱ्या बायांना प्रस्तावनेत ‘अनेक भगिनी’ करून टाकतात. कॉपीराइट कायद्याने गाणारी बाई परफॉर्मर ठरते, ५० वर्षं तिचा हक्क असतो आणि न विचारता रेकॉर्ड करणं हा त्या हक्काचा भंग ठरू शकतो, हे गावात मोबाईल घेऊन जाणाऱ्यांपैकी कितींना ठाऊक असेल?

करायचं ते फार नाही. गाण्यामागे एक कार्ड. गाणारीचं पूर्ण नाव, माहेर आणि सासर दोन्ही (चाल बहुधा माहेरची असते), वय, तारीख, कोणाकडून शिकली, रेकॉर्डिंगचा क्रमांक, टिपणाऱ्याचं नाव, टिपताना बदललेला शब्द असेल तर तो. आणि शेवटी एक प्रश्न, मोठ्याने वाचून विचारायचा: नाव छापायचं, नुसतं गाव छापायचं, की काहीच नको? उत्तर त्याच रेकॉर्डिंगमध्ये तिच्या आवाजात घ्यायचं. गाणं संपल्या संपल्या, चहा यायच्या आत, कारण चहा आला की सगळ्या जणी एकदम बोलायला लागतात आणि कोणाचं उत्तर कोणतं ते घरी येऊन कळत नाही.