रद्द की तहकूब?

भायखळ्याच्या नाक्यावर कटिंग हातात यायच्या आधीच वकिलाने सुरुवात केली. "अहमदिया, म्हणजे मिर्झा गुलाम अहमदांना मसीहा मानणारा पंथ, त्यांनी जिहाद रद्दच केला. १९०० साली मिर्झा गुलाम अहमदांनी त्यावर पुस्तिकाच काढली."

"रद्द नाही, तहकूब," मास्तर म्हणाले. "वकील असून हा फरक तुला कळू नये? हुकूम आहे तिथेच आहे, शर्ती पुऱ्या होत नाहीत म्हणून लागू नाही. धर्म पाळतो म्हणून कुणी तलवार उपसली, तर तलवार. नमाज, रोजा, प्रचार मोकळा असेल तर तिचं कामच काय? पुस्तक छापून कुणी टीका केली, तर पुस्तक छापून उत्तर. त्याला ते 'कलम का जिहाद' म्हणतात."

खानसाहेब सुन्नी, पण ग्रंथाला पक्के. "आयत आहे ना. फुरकान सूरेतली, म्हणजे अध्यायातली, ५२वी. कुराण घेऊन 'जिहादे कबीर', म्हणजे मोठा जिहाद करा. सूरा मक्केतली, लढाईची परवानगी यायच्या आधीची. लोक मात्र 'धाकट्या जिहादाकडून थोरल्याकडे' ही हदीस, म्हणजे पैगंबरांच्या नावाने सांगितलेलं वचनच, उठसूट ऐकवतात, आणि तिची सनद, म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी, कच्ची."

"मग वाद कशाचा?" वकिलाने विचारलं.

"बुखारीच्या हदीससंग्रहात येतं, मसीहा उतरेल तेव्हा काही पाठांत 'हर्ब' म्हणजे युद्ध थांबवील, काहींत 'जिझिया'. अहमदी 'हर्ब' धरतात. तेही मान्य करू. पण तो मसीहा मिर्झासाहेबच, हे कोण मानणार? आमची गाडी तिथे अडते."

वकिलाने नेमका दुखरा धागा ओढला. "आणि १९४८ला काश्मीरच्या लढाईत पाकिस्तानच्या बाजूने उतरवलेली अहमदी पलटण? नावही फुरकानच!"

"ते देशाचं संरक्षण, धर्मयुद्ध नव्हे, असं ते सांगतात," मास्तर म्हणाले. "मला ते पुरतं पटत नाही. पण १९५०मध्ये ती मोडली. आज त्यांचा जिहाद बघायचा तर पैशाचा, पावतीपुस्तक बघ. कमावत्या माणसाला चंदा-आम, म्हणजे नेहमीची वर्गणी, उत्पन्नाच्या सोळाव्या हिश्श्याइतका. वसीयत, म्हणजे जमातीच्या नावे मृत्युपत्र केलेल्याला, म्हणजे मूसीला, किमान दहावा, जास्तीत जास्त तिसरा. शिवाय मागे राहिलेल्या मालमत्तेतही तोच हिस्सा."

वकिलाने मोबाइलवर आकडा मारला. "तीस हजारांवर १,८७५. मूसीला ३,०००. हा तर इन्कम टॅक्स!"

"टॅक्स थकला तर नोटीस येते. इथे सहा महिने थकलं की वसीयत रद्द होऊ शकते, आणि पंजाबातल्या कादियानच्या बहिश्ती मकबऱ्यातली, म्हणजे त्यांच्या खास कबरस्तानातली, जागाही जाते."