मॅनेजरचं सोडा, फुलबॅक कुठे चाललेत ते बघा

इंग्लिश फुटबॉलमध्ये मोठे क्लब छोट्या क्लबचे मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, पळवतात. त्यावर आज परत ते वाक्य वाचलं आणि डोकं फिरलं. "मोठ्या क्लबने बोलावलं तर कोण थांबेल? छोट्या क्लबच्या चाहत्यांनी उगाच भावनिक होऊ नये." लिहिणारा अर्थातच अशा क्लबचा भक्त, ज्याचा मॅनेजर कधी कोणी पळवत नाही. त्यांच्याकडे मॅनेजरला फक्त हाकलतात.

भावनिक काय आहे त्यात? दहा-बारा हजारांचं मैदान, दरवर्षी एखादा चांगला खेळाडू विकून खर्चाची तोंडमिळवणी, आणि त्यातूनही कोणीतरी दोन-तीन वर्षं खपून संघ उभा केलेला. आता मोठ्या क्लबचा पुढचा मॅनेजर कोण, या सट्टेवाल्यांच्या यादीत त्याचं नाव वर सरकतंय. पत्रकार परिषदेत तो म्हणतो, "माझं सगळं लक्ष शनिवारच्या सामन्यावर आहे." हे ऐकलं की चाहत्यांच्या पोटात गोळा येतो, आणि यायलाच हवा.

ल्युटन टाउनचं उदाहरण मी आज सोडणार नाही, आधीच सांगतो. जानेवारी 2019. ल्युटन लीग वनमध्ये (वरून तिसरी डिव्हिजन) दुसऱ्या नंबरवर, प्रमोशन म्हणजे वरच्या डिव्हिजनमध्ये जाणं डोळ्यांसमोर. आणि मॅनेजर नेथन जोन्स उठला आणि स्टोक सिटीला गेला. सीझनच्या मधोमध, ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत, सताड उघडी असताना. केनिलवर्थ रोड मैदान टीव्हीवर जरी पाहिलं असेल तरी कळतं हा कसला क्लब आहे. पाहुण्या चाहत्यांचं प्रवेशद्वार रांगेतल्या घरांच्या मध्येच, आत शिरून जिना चढलात की खाली लोकांची परसदारं. 2008-09 चा सीझन याच क्लबने उणे 30 गुणांवरून सुरू केला, रेलिगेट झाला, म्हणजे खाली ढकलला गेला, आणि पुढची पाच वर्षं नॉन-लीगमध्ये, वरच्या चार डिव्हिजनच्याही खाली, काढली. या लोकांना शिकवायचं, भावनिक होऊ नका?

तर जोन्स गेल्यावर झालं काय? मिक हारफर्डने सूत्रं घेतली. क्लबचा जुना स्ट्रायकर, तेव्हा खेळाडूंच्या भरतीचं काम बघत होता. त्याने शहाणपणाची एकच गोष्ट केली: काही बदललं नाही. जोन्सचा मिडफिल्डमधला डायमंड तसाच ठेवला. डायमंड म्हणजे चार मिडफिल्डर मधल्या पट्ट्यात, कडेने खेळणारे विंगर नाहीतच. मग टचलाइनपर्यंत मैदान पसरवणार कोण? दोन फुलबॅक, म्हणजे बचावाच्या ओळीतले कडेचे दोघं. उजवीकडे जॅक स्टेसी, डावीकडे जेम्स जस्टिन. ते दोघं वर-खाली धावत होते म्हणून तो डायमंड चालत होता. ल्युटनने लीग वन जिंकली. मॅनेजर गेला, तरी जिंकली.

आता पुढचं बघा. त्याच उन्हाळ्यात स्टेसी बोर्नमथला गेला, जस्टिन लेस्टरला. नवा मॅनेजर आला ग्रॅम जोन्स. दोन्ही कडा एकदम गेल्या, वर नवी पद्धत. ल्युटन चॅम्पियनशिपच्या, म्हणजे दुसऱ्या डिव्हिजनच्या, तळाशी रुतला आणि एप्रिल 2020 मध्ये ग्रॅम जोन्सही गेला. (वरच्या डिव्हिजनमध्ये खेळ अवघडच असतो, मान्य.) पण मला काय म्हणायचंय ते लक्षात आलं ना? जानेवारीत मॅनेजर जाऊन संघ कोसळला नाही. मॅनेजर आणि दोन्ही फुलबॅक असे सगळे सहा महिन्यांत गेले तेव्हा कोसळला.

आणि मग परत कोण आलं? नेथन जोन्सच. स्टोकने त्याला नोव्हेंबर 2019 मध्येच काढलं होतं. नऊ सामने उरले होते, शेवटच्या दिवशी ब्लॅकबर्नला 3-2 हरवून संघ वाचला. चाहत्यांनी माफ केलं का? अर्ध्यांनी केलं असावं. आणि नोव्हेंबर 2022 मध्ये हा गडी परत गेला, या वेळी साउदम्प्टनला!

इथे ल्युटनला एक गोष्ट लाभली, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. चॅम्पियनशिपमध्ये 46 सामने असतात, बरेच आठवडे शनिवार-मंगळवार-शनिवार असे जातात. रविवारी खेळाडूंची रिकव्हरी, सोमवारी हलकी तयारी, मंगळवारी सामना, बुधवारी पुन्हा रिकव्हरी, शुक्रवारी पुन्हा हलकं. खरं ट्रेनिंग उरतं ते गुरुवारी. आठवड्यातून एक दिवस! यात नवा माणूस काय शिकवणार? बचावाची ओळ किती वर ठेवायची आणि कॉर्नरला कोणी कुठे उभं राहायचं, एवढं थोडक्या सत्रांत बसतं. प्रेसिंग, म्हणजे सगळ्यांनी मिळून समोरच्यांच्या अंगावर धावून चेंडू हिसकावणं, बसत नाही. कोणी कधी धावायचं, मागच्याने कधी पुढे सरकायचं, हे पायांत मुरायला आठवडे लागतात, आणि अर्धवट मुरलेलं प्रेसिंग हे अजिबात नसण्यापेक्षा वाईट: पुढचे दोघं धावतात, मागचे उभे राहतात, मधे भगदाड.

पण त्या नोव्हेंबरमध्ये वर्ल्ड कप होता. लीग थांबली होती. नवा मॅनेजर रॉब एडवर्ड्स 17 नोव्हेंबरला आला आणि पहिला सामना थेट 10 डिसेंबरला. तीन आठवडे मोकळं ट्रेनिंग मैदान! त्यात ल्युटन आधीच मधे तीन सेंटरबॅक आणि कडांना वर-खाली धावणारे विंगबॅक घेऊन खेळत होता आणि एडवर्ड्सलाही तेच मानवणारं. 27 मे 2023 ला वेम्बलीवर कॉव्हेंट्रीला पेनल्टीवर हरवून ल्युटन प्रीमियर लीगमध्ये. तोपर्यंत साउदम्प्टनने जोन्सला काढून साडेतीन महिने झाले होते. हसू नये, पण हसलो.

प्रीमियर लीगमधल्या ब्रायटनचंही तसंच. मॅनेजर ग्रॅहम पॉटर 8 सप्टेंबर 2022 ला चेल्सीला गेला, सोबत पाच माणसं घेऊन: सहाय्यक, कोच, गोलकीपर कोच, भरतीचा विश्लेषकसुद्धा. संघ तेव्हा टेबलमध्ये चौथा. बातम्यांनुसार ब्रायटनला भरपाई मिळाली 2 कोटी पौंडांहून जास्त. सगळे म्हणाले, संपलं. पण तारीख बघा. विंडो 1 सप्टेंबरला बंद झालेली, म्हणजे पाठोपाठ खेळाडू नेता येईना. राणीच्या निधनामुळे सामने पुढे गेले, मग आंतरराष्ट्रीय सामन्यांची सुट्टी. पुढचा सामना एकदम 1 ऑक्टोबरला, तोवर नवा मॅनेजर दे झेर्बी येऊन बसलेला. त्याच महिन्याच्या शेवटी चेल्सीला 4-1 धुतलं आणि सीझन संपला तेव्हा ब्रायटन सहावा, क्लबच्या इतिहासात पहिल्यांदा युरोपात. म्हणजे जायचंच असेल तर विंडो बंद झाल्यावर जा बाबा. जूनमध्ये गेलास तर आमचे खेळाडूही न्यायला तुझ्याकडे सगळा उन्हाळा असतो.

इथे मला जरा थांबावं लागतंय, कारण ल्युटनला वाचवणारा हा एडवर्ड्स आला कुठून? 2022 मध्ये त्याने फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्सला लीग टू (चौथी डिव्हिजन) जिंकून दिली होती. नेल्सवर्थ नावाच्या लहानशा गावातला क्लब, मैदान जेमतेम पाच हजारांचं. लीग वनमध्ये पहिल्यांदाच पोचले होते बिचारे. आणि मे महिन्यात तो वॉटफर्डला गेला. आमच्या पाठीमागे बोलणी केली, असा क्लबच्या मालकाने जाहीर आरोप केला होता. वॉटफर्डने सप्टेंबरमध्ये त्याला काढूनही टाकलं. आणि फॉरेस्ट ग्रीन? त्याच उन्हाळ्यात केन विल्सन ब्रिस्टल सिटीला, निकी कॅडन बार्न्सलीला. दोघंही विंगबॅक, दोघांचेही करार संपलेले, दोघंही फुकट गेले. 2023 मध्ये रेलिगेशन, 2024 मध्ये परत रेलिगेशन, थेट नॉन-लीग. ल्युटनचे लोक वेम्बलीवर नाचत होते तेव्हा नेल्सवर्थमध्ये कोणी काय करत होतं, याचा विचार मनात येतो आणि मग माझा राग कोणावर काढायचा तेच कळत नाही.

कारण जाणाऱ्याचंही काही चुकत नाही हो. जोन्सला दोन्ही ठिकाणी काढलं, एडवर्ड्सला वॉटफर्डने काढलं, पॉटर चेल्सीत सात महिनेसुद्धा टिकला नाही. या धंद्यात चार सामने हरलं की लोक घरी पाठवतात. बोलावणं आलंय तोवर गेलेलं बरं, असं कोणालाही वाटेल. थांबणाऱ्याला तरी काय बक्षीस मिळतं? किअरन मॅकेना 2024 मध्ये इप्सविचला थांबला, 2028 पर्यंतचा करार केला, चाहत्यांनी दिवाळी केली, आणि पुढच्याच वर्षी संघ रेलिगेट.

म्हणून त्या कराराच्या बातमीवर उड्या मारू नका. लांबच्या करारामुळे मॅनेजर थांबत नाही, फक्त त्याची किंमत वाढते. रिलीज क्लॉज असेल तर ठरलेली रक्कम भरली की क्लबच्या हातात काही उरत नाही. क्लॉज नसेल तर परवानगीशिवाय बोलणी करता येत नाहीत, मग घासाघीस करून भाव वाढवता येतो. पण छोटे क्लब कुठे मार खातात? मॅनेजरचा करार चार वर्षांचा आणि त्याच्या कोचेसचे एकेक वर्षाचे. पैसे वाचवायला. मग मॅनेजरची भरपाई मिळते आणि सेट पीस (कॉर्नर, फ्री किक) शिकवणारा कोच, गोलकीपर कोच, विश्लेषक, सगळे फुकट जातात. ट्रेनिंगच्या सत्रांचे आराखडे, कापून ठेवलेले व्हिडिओ, खेळाडूंवरच्या नोंदी क्लबच्या सर्व्हरवर नसतील तर त्याही त्यांच्या लॅपटॉपमधून जातात. नवा माणूस येतो आणि गेल्या वर्षी कॉर्नर कसे घ्यायचे हे खेळाडूंनाच विचारतो.

ब्रेंटफर्डने हे ओळखलंय. 2018 मध्ये मॅनेजर डीन स्मिथ अ‍ॅस्टन व्हिलाला गेला, तर घरातलाच सहाय्यक थॉमस फ्रँक वर आणला. पहिल्या दहापैकी आठ सामने हरला तरी काढला नाही! 2021 मध्ये प्रीमियर लीग. 2025 मध्ये फ्रँक स्पर्सला (टॉटनहॅम) गेला, तर सेट पीस कोच कीथ अँड्र्यूजला मॅनेजर केलं. हारफर्डचं तेच, तो जोन्सचा माणूस नव्हता, ल्युटनचा होता. बाहेरून आलेला माणूसही चालतो, दे झेर्बी चालला. पण तो येईपर्यंतचे आठवडे फुकटात मिळत नाहीत. दर वेळी वर्ल्ड कप मदतीला येणार नाही.

त्यामुळे तुमचा क्लब छोटा असेल आणि मॅनेजरचं नाव बातम्यांत असेल, तर "जाऊ नकोस"चे फलक रंगवण्यात वेळ घालवू नका. तो जाणार. चाहत्यांच्या पुढच्या बैठकीत बोर्डाला धरा. कोचेसचे करार कधीपर्यंत आहेत? त्यांतला एक तरी मॅनेजरसोबत न जाणारा आहे का? आणि दोन्ही फुलबॅकचे करार कधी संपतात? उत्तर "येत्या जूनमध्ये" असं आलं, तर मग खुशाल आरडाओरडा करा, मी पण येतो.