सेरेनाच्या आधी अल्थिया गिब्सन : फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

‘विम्बल्डन जिंकणारी पहिली कृष्णवर्णीय महिला – सेरेना विल्यम्स’ असा फोटोसहित मेसेज बऱ्याच ग्रुपवर फिरतोय. भावना चांगली आहे, पण माहिती चुकीची आहे.

हा मान अमेरिकन टेनिसपटू अल्थिया गिब्सनचा. विम्बल्डनच्या विजेत्यांच्या अधिकृत यादीत महिला एकेरीत 1957 आणि 1958 अशी सलग दोन वर्षं तिचं नाव आहे. त्याआधी 1956 मध्ये तिने फ्रेंच स्पर्धा जिंकली होती. सेरेनाचं पहिलं विम्बल्डन 2002 चं. तिची बहीण व्हीनससुद्धा तिच्याआधी, 2000 मध्ये जिंकली.

न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये वाढलेल्या अल्थियाला कृष्णवर्णीय असल्यामुळे अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत बोलावणंच येत नव्हतं. माजी विजेती ॲलिस मार्बल हिने 1950 मध्ये एका टेनिस मासिकात खरमरीत पत्र लिहून आपल्याच खेळातल्या लोकांना जाब विचारला, आणि त्याच वर्षी अल्थिया या स्पर्धेसाठी फॉरेस्ट हिल्सच्या कोर्टवर उतरली. सात वर्षांनी विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात तिने डार्लीन हार्डला 6-3, 6-2 असं हरवलं. राणी एलिझाबेथ यांच्या हातून चांदीचं तबक घेतानाचा तिचा फोटो आजही सहज सापडतो. तेव्हा बक्षिसाची रक्कम नसायची, त्यामुळे एवढं जिंकूनही हातात पैसा नव्हता. हे वाचून खरंच जीव तुटतो.

सेरेनाचं कर्तृत्व याने तसूभरही कमी होत नाही. पण अल्थियाचं नाव पुसलं जाऊ नये. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर ही दुरुस्ती टाका.