माप दोन्ही गाड्यांना एकच लावा

आपली जुनी गाडी देऊन डीलरकडची दुसरी जुनी गाडी घ्यायची, या व्यवहारात जेवढी वादावादी होते तेवढी नवी कोरी गाडी घेताना होत नाही. नव्या गाडीची किंमत निदान छापील असते. इथे दोन्ही गाड्या वापरलेल्या, दोन्हींचा भाव सांगणारा माणूस एकच, आणि तो व्यवहाराच्या दोन्ही टोकांना बसलेला. माझ्या गाडीत खोट निघाली की त्याचा फायदा, त्याच्या गाडीतली खोट झाकली गेली की पुन्हा त्याचाच.

आमच्या गाडीची तपासणी करणारा मुलगा कामाला चोख होता, हे आधी सांगते. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र त्याने बॉनेटपासून डिकीपर्यंत प्रत्येक पत्र्यावर टेकवलं. कंपनीतून आलेला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास भरतो. मागच्या डाव्या दरवाजावर आकडा तीनशेच्या वर गेला. "इथे काम झालंय," म्हणाला आणि फॉर्मवर गोल केला. काम झालंच होतं, आम्ही ते आधीच सांगितलंही होतं. कपात लागली, हरकत नाही. मग मी म्हटलं, आता हेच यंत्र आम्ही घेतोय त्या गाडीला लावू या. तो पोरगा मॅनेजरकडे बघायला लागला आणि मॅनेजर म्हणाला, "मॅडम, ती आमची चेक केलेली गाडी आहे." मग त्याचा रिपोर्ट दाखवा. तर रिपोर्ट 'सिस्टिममध्ये' होता, आणि सिस्टिम त्या दिवशी नेमकी बंद!

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, याचा असा रोकडा अनुभव दुसरीकडे क्वचितच मिळेल. माझ्या बंपरवरचा ओरखडा 'डॅमेज', त्यांच्या बंपरवरचा 'नॉर्मल वापराच्या खुणा'. माझं रनिंग 'जास्त', त्यांच्या गाडीचं तेवढंच रनिंग 'हायवे रनिंग आहे हो, इंजिन एकदम स्मूथ'.

माझं म्हणणं एवढंच आहे की जी फूटपट्टी माझ्या गाडीला लावाल तीच तुमच्या गाडीला लावा. माझ्या रंगाचे मायक्रॉन मोजलेत तर तुमच्याही मोजा. माझ्या गाडीला स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातल्या बिघाडाच्या नोंदी (फॉल्ट कोड) वाचणारं यंत्र, जोडलात तर तुमच्याही जोडा. आणि जोडलाच, तर नुसता 'एकही फॉल्ट कोड नाही' हा शेरा ऐकून गप्प बसू नका. कोड पुसता येतात, काही गाड्यांत तर नुसती बॅटरी काढूनही. मात्र पुसल्यावर गाडीच्या अंतर्गत चाचण्या पुन्हा सुरुवातीपासून होतात, आणि गाडी पुरेशी चालेपर्यंत स्कॅनरवर त्या अपूर्ण दिसतात. विक्रीला उभ्या असलेल्या गाडीत निम्म्या चाचण्या अपूर्ण दिसल्या तर बॅटरी कधी काढली होती का, हे विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

टायरचं तर पुराणच आहे. टायरच्या बाजूवर कोरलेल्या लांबलचक कोडचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. आमचे टायर 'जुने' म्हणून चारही नव्या टायरची पूर्ण किंमत कापली. आम्ही घेत होतो त्या गाडीचे टायर त्याहून जुने निघाले, पण तिच्या किमतीतून कोणी काही कापलं नव्हतं. बरं, मुळात ही कपातच दुहेरी आहे. गाडीच्या वयावरून जो भाव ठरवला त्यात तिचे टायर अर्धे झिजलेले असणार हे धरलेलंच असतं. मग त्याच झिजेचे पैसे पुन्हा वेगळे कशाला? टायरची नक्षी तिच्या खाचांतल्या झिजेच्या खुणेपर्यंत उतरली असेल तर गोष्ट वेगळी. शिवाय अशा बऱ्याच गाड्या डीलर स्वतः विकतच नाही, आहे त्या स्थितीत दुसऱ्या व्यापाऱ्याला किंवा लिलावात देतो. टायर बदलले जातच नाहीत, कपात मात्र झालेली असते.

डीलरची बाजू अगदीच पोकळ आहे असं नाही. जाहिरातीत दिसणारे भाव हे मागितलेले भाव असतात, मिळालेले नव्हे. गाडी धुवून-पुसून, दुरुस्त करून, विकली जाईपर्यंत जागा अडवून ठेवायची, तिच्यात अडकलेल्या पैशाचं व्याज भरायचं, वर विकल्यावर तक्रार आली तर निस्तरायची. तेव्हा आपली गाडी तो ज्या किमतीला विकेल तीच किंमत आपल्याला द्यावी, ही अपेक्षा चूक आहे. जोखमीचंही तसंच. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या गाड्यांच्याच बाजाराचं उदाहरण घेऊन हे मांडलं होतं. गाडी चांगली की भंगार हे विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही, म्हणून घेणारा सगळ्यांनाच सरासरी भाव देतो आणि चांगल्या गाडीवाला बाजारातून निघून जातो. २००१ मध्ये त्याला नोबेल मिळालं त्यामागे हे काम होतं. पण एक्स्चेंजच्या टेबलावर गंमत अशी की माझी गाडी अनोळखी म्हणून स्वस्त, आणि मला तितकीच अनोळखी असलेली त्याची गाडी मात्र महाग. पहिल्या सर्व्हिसपासूनची सगळी बिलं फायलीत लावून नेली तरी 'रिस्क' म्हणून कापणार असाल तर ती फाइल उघडून तरी बघा!

आणखी एक. 'आम्ही तुम्हाला एक्स्चेंजला सगळ्यात जास्त भाव देतो' याला भुलू नका. त्यांची गाडी १००, तुमची ४०, द्यायचे ६०. दुसरा म्हणतो तुमचे ५० देतो, पण त्याने आपली गाडी ११० ची केलेली असते. खिशातून जाणार साठच. (कर काही ठिकाणी पूर्ण किमतीवर लागतो, काही ठिकाणी फक्त फरकावर. पूर्ण किमतीवर लागत असेल तर हा 'जास्त भाव' उलट महागातच पडतो.) म्हणून आधी त्यांच्या गाडीचा भाव एक्स्चेंजचा विषय न काढता पक्का करायचा. आपल्या गाडीला बाहेर कुठे काय मिळतंय ते आधीच विचारून ठेवायचं. आणि दोन्ही आकडे वेगवेगळ्या ओळींत लिहून घ्यायचे. नुसता हप्ता सांगणाऱ्याशी बोलणंच पुढे न्यायचं नाही.

खरी चीड येते ती शेवटच्या दिवशीच्या कपातीची. फोनवर एक भाव, तपासणीनंतर दुसरा, आणि बयाणा दिल्यावर गाडी ताब्यात घ्यायला गेलो की तिसरा. कारण काय, तर 'मार्केट डाऊन झालंय'. डिलिव्हरी त्यांच्यामुळे लांबली असेल तर त्या काळातली घसरण माझ्या माथी का? म्हणून लिखित भावावर तो किती तारखेपर्यंत चालेल आणि गाडी किती किलोमीटर चाललेली धरली आहे, हे दोन्ही घालून घ्या. ठरलेल्या आकड्यावर सही होईपर्यंत दुसरी किल्ली आणि मूळ कागदपत्रं आपल्या पिशवीतच राहू द्या. जुन्या कर्जाची बाकी असेल तर तिचाही त्या तारखेचा आकडा बँकेकडून आणा, डीलरच्या अंदाजावर जाऊ नका.

आम्ही तो व्यवहार सोडला. गाडी परस्पर विकतोय, वेळ लागतोय, फोनवर फोन येतायत, वैताग आहेच. तुमच्यापैकी कोणाला कपातीची बाबवार लेखी यादी डीलरने स्वतःहून दिली असेल तर त्यात काय काय होतं ते खाली लिहा. आणि त्यांच्या गाडीला रंगाचं यंत्र लावू दिलं का, तेही.