‘शंका आली म्हणजे श्रद्धा गेली’ : त्या फॉरवर्डला उत्तर

कॅथलिक पालकांच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. वयात आलेलं मूल देवाधर्मावर प्रश्न करू लागलं तर काय करायचं, याचे हुकूम त्यात दिले आहेत. शंका हे पाप आहे, संत ऑगस्टीनची आई संत मोनिका हिच्यासारखं मुलाच्या मागे लागा, दृढीकरण (बाप्तिस्म्यातली श्रद्धा पक्की करणारा संस्कार) उरकून घ्या, चर्चच्या चुका घरात काढू नका आणि त्याला कन्फेशनला (धर्मगुरूपुढे पापांची कबुली द्यायला) बसवा. पाठवणाऱ्यांची तळमळ खरी असेल, पण यातलं बरंच काही खुद्द चर्चच्या शिकवणुकीत बसत नाही.

‘शंका घेणं हे दहा आज्ञांपैकी पहिल्या आज्ञेविरुद्धचं पाप.’

हे अर्धंच खरं आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅटेकिझमच्या, म्हणजे चर्चच्या शिकवणुकीच्या अधिकृत ग्रंथाच्या, परिच्छेद २०८८ मध्ये दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. सत्य मानायचंच नाही असं ठरवून केलेला नकार ही एक. विश्वास ठेवताना अडखळणं, आक्षेपांची उत्तरं न सापडणं, मनाची घालमेल होणं ही दुसरी. मेसेजने दोन्ही एकाच पोत्यात कोंबल्या. त्याच ग्रंथाच्या परिच्छेद १५७ मध्ये कार्डिनल न्यूमन यांचं म्हणणं दिलं आहे, की दहा हजार अडचणी मिळूनही एक शंका होत नाही.

त्याहून बोलका दाखला तेराव्या शतकातला आहे. चर्चचे थोर धर्मपंडित थॉमस अक्वायनस आपल्या महाग्रंथात ‘देव आहे का?’ असा प्रश्न घेतात आणि सुरुवात विरुद्ध बाजूने करतात. देव अनंत चांगला असता तर जगात वाईट उरलंच नसतं, हा पहिला आक्षेप. निसर्ग आणि माणसाची इच्छा यांवरून सगळ्याचा उलगडा होतो, मग देव कशाला, हा दुसरा. पंधरा वर्षांची मुलगी जेवताना जे दोन प्रश्न टाकते आणि ज्यांनी आईबापांचा घास अडकतो, ते नेमके हेच. अक्वायनस यांनी ते टाळले नाहीत, नीट मांडले आणि मग उत्तर दिलं. उत्तर पटेल न पटेल, प्रश्नाला त्यांनी मान दिला. आणि आपल्याला उत्तर येत नसेल तर ‘मलाही माहीत नाही, शोधू या’ म्हणायला काय हरकत आहे?

‘मोनिकेने पाठ सोडली नाही, म्हणून ऑगस्टीन परत आला.’

ही गोष्ट सांगणाऱ्यांनी ऑगस्टीनचं आत्मकथन एकदा वाचावं. मुलगा मानी या चर्चबाहेरच्या पंथात गेल्यावर मोनिकेने आधी त्याला घरातून, ताटावरूनच दूर केलं. मग एका स्वप्नामुळे मन बदललं आणि तिने त्याला पुन्हा जवळ घेतलं. ‘माझ्या मुलाशी बोला, त्याची समजूत घाला’ म्हणून ती एका बिशपच्या मागे लागली, तेव्हा त्यांनी नकार दिला. तो आत्ता ऐकण्याच्या मनःस्थितीत नाही, त्याला राहू द्या, फक्त प्रार्थना करा, वाचता वाचता त्याचं त्यालाच कळेल, असं ते म्हणाले. हे बिशप स्वतः लहानपणी त्याच पंथात वाढलेले. पुढे आई सोबत येऊ नये म्हणून ऑगस्टीनने तिला फसवून रात्रीच रोमचं जहाज गाठलं. बाप्तिस्मा झाला तो ३८७ साली, मिलानमध्ये, संत अँब्रोज यांच्या हातून, वयाच्या तिशीनंतर. आईचे अश्रू वाया गेले असं कोणीच म्हणणार नाही. पण ‘पाठ सोडू नका’ हा धडा या गोष्टीतून काढणं म्हणजे त्या बिशपचा सल्लाच गाळून टाकणं.

याच मुद्द्याला जोडून मेसेजमध्ये एक जीवघेणं वाक्य आहे: ‘मूल दूर गेलं तर आईबापांची श्रद्धाच कच्ची होती.’ मग मोनिकेचीही कच्ची म्हणायची का?

‘आत्ता दृढीकरण घ्यायलाच लावा, अठरा वर्षांनंतर त्याचं तो बघेल.’

मेसेजमधली सगळ्यात घातक सूचना हीच. रविवारच्या मिस्साची (चर्चमधल्या उपासनेची) गोष्ट वेगळी. सात वर्षं पूर्ण झालेल्या, समज आलेल्या कॅथलिकावर ते बंधन आहे, त्यामुळे ‘रविवारी आपण सगळे जातो’ असा घराचा शिरस्ता असण्यात गैर काही नाही. दृढीकरण मात्र आयुष्यात एकदाच मिळतं. चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेचा कॅनन (कलम) ८८९ सांगतो, की समज आलेल्या उमेदवाराला पुरेसं शिक्षण मिळालेलं असावं, त्याची मनाची तयारी असावी आणि बाप्तिस्म्याची वचनं त्याला नव्याने देता यावीत. कॅनन ७४८ तर स्पष्टच आहे: सदसद्विवेकाविरुद्ध कोणाला कॅथलिक श्रद्धा स्वीकारायला लावणं कधीच योग्य नाही. विधीत बिशप विचारतात, ‘तुझा विश्वास आहे का?’ मुलाला मोठ्याने ‘आहे’ म्हणायचं असतं. नसताना ते म्हणायला लावलं, तर आपण त्याला वेदीसमोर खोटं बोलायला शिकवलं. पार्टीचा हॉल बुक झाला हे काही त्याचं समर्थन होत नाही.

‘विज्ञानाने मुलं बिघडतात.’ महास्फोटाच्या सिद्धांताचा पाया घालणारे जॉर्ज लमेत्र कॅथलिक धर्मगुरू होते. पुढे जाऊ.

‘चर्चच्या चुका मुलांसमोर काढू नका.’

मुलाच्या हातात फोन आहे, तुम्ही झाकलं तरी त्याला कळतंच. पोप जॉन पॉल दुसरे यांनी मार्च २००० मध्ये चर्चच्या लेकरांनी केलेल्या पापांबद्दल जाहीर क्षमायाचना केली. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये लैंगिक अत्याचाराच्या प्रश्नावर जगभरच्या बिशप-प्रतिनिधींना व्हॅटिकनमध्ये बोलावलं. पोप बोलतात आणि बाप विषय बदलतो, हे मुलाच्या नजरेतून सुटत नाही. त्याचा राग बहुतेकदा ढोंगावर असतो. त्या रागाला ‘नास्तिकपणा’ म्हटलं की बोलणंच संपतं.

‘फादरना आधी सगळं सांगून ठेवा, मुलाला कन्फेशनला बसवा आणि नंतर काय झालं ते विचारून घ्या.’

हे करू नका. कन्फेशनचं गुपित फोडणं धर्मगुरूला कोणत्याही कारणाने चालत नाही (कॅनन ९८३), आणि कोणाकडे कन्फेशन करायचं हे निवडायला प्रत्येक श्रद्धावान मोकळा आहे (कॅनन ९९१). नंतर मुलाला खोदून खोदून विचारलं, तर निदान एक जागा तरी आपली आहे हा त्याचा भरवसा आपणच मोडतो. फादरशी बोलायचंच असेल तर स्वतःच्या काळजीबद्दल बोला. मुलाला भेटायचं असेल तर तो स्वतः वेळ मागेल.